ऑक्सिजनची थाप

प्राणायामाने रक्तात जादा ऑक्सिजन जातो, हे योग दिनाच्या आठवड्यात मंचावरून हटकून ऐकू येणारे वाक्य. जालना जिल्ह्यातले मंचही त्याला अपवाद नाहीत. त्याच्या जोडीला 'शुगर मुळासकट जाते' हेही असतेच. ते ऐकून गोळ्या बंद करणारेही निघतात. प्रश्न असा की, ज्यांचे आयुष्य योग शिकवण्यात गेले, ते असे बोलत होते का?

लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद बोलत नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्याचे त्यांनी क्ष-किरण चित्र घेतले, आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे दिसले, तेव्हा त्या निर्वाताला त्यांनी गुरू माधवदासांचे नाव दिले. इथपर्यंत सगळे शिष्याला आवडेल असेच होते. पुढे प्राणायामातला ऑक्सिजन मोजला, तर तो नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त शोषला जात नाही असे निघाले. स्वामींनी तेही छापले. प्राणायामाचा गुण त्यांनी ऑक्सिजनात शोधणे सोडले. शरीरातल्या दाबांचे बदल आणि मज्जासंस्था यांकडे ते वळले. योगावर श्रद्धा असलेल्या माणसाने प्रयोगशाळेत मोडीत काढलेले वाक्य आज योगाच्याच नावाने मैदानावर फिरते आहे. कुवलयानंदांची तसबीर मंचावर लावणाऱ्यांनी 'योगमीमांसा' उघडले असेल, असे मानायला मात्र आधार नाही.

बी. के. एस. अय्यंगारांची वाट वेगळी होती. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय सोसलेला हा माणूस १९३७ मध्ये पुण्यात आला. दावे करण्यात ते मागे नव्हते. त्यांच्या १९६६ च्या ग्रंथाला रोगवार आसनांची यादी जोडलेली आहे. पण शिकवताना खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे घेऊन ते आसन माणसाच्या मापाचे करीत. हजार जणांना एकच आसन, हे त्यांच्या उपचाराच्या वर्गात बसणारे नव्हते.

चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांचे दुखणे जडते, असे 'हठप्रदीपिका' हा जुना योगग्रंथही बजावतो. आजचे वैद्यकही योगावर तुटून पडलेले नाही: जुनाट कंबरदुखीत योगाचा उपयोग होतो, रक्तदाब थोडा उतरतो, हे ते मान्य करते. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हेही त्यानेच दाखवले. काचबिंदू असलेल्याला ते परवडणारे नाही.

जालना जिल्ह्याच्याच घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असे परंपरा सांगते. आकड्याचा पुरावा कोणी मागू नये. पण त्या कथेतले नमस्कार रोजचे आहेत, योग दिनाचे परिपत्रक आले म्हणून फोटोपुरते घातलेले नाहीत.

पुढच्या २१ जूनला संयोजकांनी एवढे करावे: सतरंजी अंथरण्याआधी रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचे दुखणे, गरोदरपण कोणाला आहे ते विचारावे, अशांना वेगळे बसवावे आणि औषधाच्या गोळ्यांविषयी मंचावरून एक शब्दही बोलू नये.