वाघ, कोंबडी आणि माणूस
घोड्याचा मागचा पाय काढताना नवशिका चित्रकार हमखास फसतो. त्याला वाटतं, घोड्याचा गुडघा उलटा वाकतो. अहो, तो गुडघा नव्हेच, ती टाच! खरा गुडघा वर, पोटालगत असतो. आणि खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं नख. हे ज्याच्या हाडीमाशी भिनलं होतं तो इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज. लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी मेलेले घोडे टांगून, थरामागून थर सोलत त्याने चित्रं काढली. त्यांचं पुस्तक १७६६ मध्ये निघालं. पुढे सत्तरी ओलांडल्यावर, १७९५ मध्ये, या गड्याने माणूस, वाघ आणि कोंबडी यांची शरीरं शेजारी शेजारी मांडायला घेतली. एका चित्रात तर माणसाचा सांगाडा चक्क ओणवा केलाय, म्हणजे वाघाच्या खांद्याशी आपला खांदा, टाचेशी टाच ताडून बघता यावी. शंभर व्याख्यानांनी होणार नाही ते या एका युक्तीने होतं. काम पुरं होण्याआधीच, १८०६ मध्ये, स्टब्ज गेला. ती चित्रं आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कलाशाळेतल्या पोरांनो, जरूर पाहा.