फूटपट्टीने नाच मोजणाऱ्यांस

स्पर्धा म्हटली की नियम आले, याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. वेळ किती, मंचावर माणसे किती, क्रम कोणाचा, हे आधी ठरलेले नसेल तर स्पर्धेचा बाजार होईल. परंतु नियमांचा आणखी एक प्रकार असतो. तो स्पर्धेची व्यवस्था लावून थांबत नाही. नाच कसा असावा, तो कोणत्या दिशेला तोंड करून करावा, त्यात कोणते पाऊल ‘शुद्ध’ आणि कोणते ‘अशुद्ध’, हेही तो नाचणाऱ्यालाच शिकवू लागतो. या दुसऱ्या प्रकारच्या नियमांविरुद्ध बंड करणे हा उद्दामपणा नसून कलेविषयीचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा नियमांचा सर्वांत रेखीव नमुना पाहावयाचा असेल तर बॉलरूम नृत्याच्या स्पर्धांकडे पाहावे. वसई, मुंबई आणि गोव्याकडील आपल्या वाचकांना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट अपरिचित नाहीत. लग्नाच्या मांडवात आजोबा नातीचा हात धरून दोन गिरक्या घेतात, मावशी मावशीबरोबर नाचते, कोणाचे पाऊल चुकले तर हशा होतो आणि नाच पुढे चालू राहतो. हेच नृत्य स्पर्धेच्या लाकडी फरशीवर गेले की त्याचा चेहरामोहरा बदलतो. वॉल्ट्झ मिनिटाला 28 ते 30 मात्राखंडांच्या गतीने, क्विकस्टेप 50 ते 52 च्या गतीने. मानेचा कल ठरलेला, हाताची घडी ठरलेली. नवोदितांच्या गटात तर पावलांची यादीच ठरवून दिलेली असते. यादीबाहेरचे पाऊल टाकणे हा गुन्हा.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. ज्या वॉल्ट्झला आज शिष्टाचाराचा कळस समजतात, त्याच वॉल्ट्झची 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’ने असभ्य परकी नाच म्हणून निर्भर्त्सना केली होती. शंभर वर्षे उलटली आणि जे बंडखोर होते तेच कोतवाल झाले. 1920 साली लंडनमध्ये नृत्यशिक्षकांची परिषद भरली, ती पहिल्या महायुद्धानंतर तरुणांत पसरलेल्या ‘विक्षिप्त’ पावलांना आळा घालण्यासाठी. 1924 साली इम्पीरियल सोसायटीने बॉलरूमची स्वतंत्र शाखा स्थापिली, 1929 च्या परिषदेने गती आणि पावले यांचे प्रमाणीकरण केले. पुढे स्पर्धांसाठी पाच ‘स्टँडर्ड’ आणि पाच ‘लॅटिन’ अशी दहा नृत्ये मुक्रर झाली.

आता या दहा नृत्यांची कुळे पाहा. टँगो ब्वेनोस आयर्स आणि मोंतेव्हिदेओ येथील बंदरी वस्त्यांतील गरिबांचा. रुंबा क्यूबातील आणि सांबा ब्राझीलमधील, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांचा. ज्यांनी हे नाच जन्माला घातले, त्यांना पावलांच्या यादीविषयी कोणी विचारले होते काय? 1947 साली पियेर नावाच्या नृत्यशिक्षकाने लंडनहून क्यूबा गाठले आणि इंग्लंडात शिकविला जाणारा ‘चौकोनी’ रुंबा क्यूबात कोणीच नाचत नाही, हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले. त्यावर कृतज्ञता व्यक्त होण्याऐवजी मोठे भांडण जुंपले. ते मिटण्यास 1950 चे दशक निम्मे सरावे लागले. ज्यांचा नाच त्यांच्या साक्षीपेक्षा आपली पोथी मोठी मानण्याची ही वृत्ती ध्यानात ठेवावी. आपला विषय तोच आहे.

या वृत्तीची रेवडी ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या 1992 सालच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाने उडविली. दिग्दर्शक बाझ लुहरमन. यातील तरुण नर्तक स्कॉट स्पर्धेत स्वतःची पावले टाकतो आणि महासंघाच्या मुखंडांचा रोष ओढवून घेतो. पण चित्रपटाचे खरे मर्म वेगळे आहे. पासो डोब्ले हा स्पर्धेतला ठरीव नाच. स्कॉटला तो येतो अशी त्याची समजूत. फ्रॅन नावाच्या स्थलांतरित स्पॅनिश घरातील मुलीच्या परसात तिचे वडील आणि आजी यांच्यापुढे तो नाचून दाखवितो आणि ते हसतात. मग ती माणसे त्याला तो नाच शिकवितात. म्हणजे स्कॉटचे बंड परंपरेविरुद्ध नाही; महासंघाने जिचा केवळ सांगाडा बाळगला होता, त्या परंपरेकडे परतण्यासाठी ते आहे. नियमांविरुद्ध उठलेला प्रत्येक जण परंपरेचा शत्रू असतो असे मानणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा.

येथे वाचक विचारतील, परभणीचा या साऱ्याशी संबंध काय? जिंतूर-सेलूकडे कोण क्विकस्टेप नाचतो? कोणी नाचत नसेल. परंतु महासंघाची वृत्ती मात्र केव्हाच येऊन पोहोचली आहे. तिचे येथील नाव ‘लोकनृत्य स्पर्धा’. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये जोडलेली आहेत. परभणी शहरात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. शिवाय शासनाचे युवा महोत्सव. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवाची नियमावली वर्षानुवर्षे नमुना म्हणून समोर राहिली आहे. लोकनृत्याचा चमू दहा जणांचा, साथीदार पाच, वेळ दहा मिनिटे. गुण कशाला? ताल, रचना, हावभाव, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य आणि एकूण परिणाम यांना.

दहा माणसे आणि दहा मिनिटे यांविषयी आमचे भांडण नाही. ती व्यवस्था झाली. भांडण पुढच्या यादीशी आहे. बाहेरून दिसते ते सारे या यादीने मोजले. हा नाच कोणाचा, तो केव्हा आणि कशासाठी करतात, नाचणाऱ्याला तो कोणी शिकविला, हे मोजण्यासाठी एकही गुण राखलेला नाही.

याचा परिणाम प्रस्तुत लेखकाने जिल्ह्यातील स्पर्धांत प्रेक्षकांमध्ये बसून पाहिला आहे. बंजारा तांड्यावर होळीला लेंगी होते. नगारा किंवा डफ घुमू लागला की गेरिये आणि गेरणी फेर धरतात. त्याच दिवसांत नव्या बाळाची धुंड होते. लेंगीत थट्टा असते, सवालजबाब असतो, नायकालाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. एका स्पर्धेत तांड्यावरच्या मुलींनी ही लेंगी जशी येते तशी, वर्तुळात, मंचावर आणली. अंगावर काचळी आणि फेटिया, प्रत्येकीचा निराळा. कारण प्रत्येकीच्या घरच्या बायकांनी आरसे आणि कवड्या आपापल्या हाताने टाके घालून बसविलेल्या. निकालानंतर त्यांना सांगण्यात आले, की प्रेक्षकांकडे पाठ झाली आणि वेशभूषेत एकसारखेपणा नव्हता. पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका चमूने दोन सरळ रांगांत, भाड्याने आणलेल्या एकरंगी पोशाखात, हसरे चेहरे प्रेक्षकांकडे ठेवून ‘लेंगी’ सादर केली. बक्षीस त्यांना मिळाले. वर्तुळाला पाठ असतेच, हे परीक्षकांना कोणी सांगावे?

ही एका चमूची तक्रार नव्हे. बक्षीस कोणत्या दिशेला जाते, हे पुढची पिढी अचूक हेरते. दोन वर्षांत तांड्यावरची मुलेही रांगेत उभी राहू लागतील आणि होळीच्या दिवशी आजीला म्हणतील, ‘तुझी लेंगी चुकीची आहे.’ नियमावलीने केलेली हानी ती हीच. गोंधळाची गत निराळी नाही. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्याने ज्या विधिनाट्याला मान मिळवून दिला, त्यात देवतांना आवाहन, पूर्वरंग आणि आख्यान यांत रात्र सरते. स्पर्धेतल्या गोंधळात उरतात त्या संबळाच्या तालावर फिरणाऱ्या दिवट्या. आख्यान गळते, कारण आख्यानाला गुण नाहीत. याच मंचावर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेली मुले तयार ध्वनिफितीवर कोळीनृत्यही करतात. किनाऱ्यावरच्या आपल्या वाचकांनी ते जरूर पाहावे आणि त्यात आपले काही ओळखू येते का, ते स्वतःला विचारावे.

नियमांचे कैवारी तीन युक्तिवाद करतात. पहिला, नियम नसतील तर सिनेमातली थिल्लर गाणी मंचावर येतील. हा धोका खरा आहे, आम्ही तो नाकारीत नाही. पण चित्रपटगीतांना मनाई एका ओळीत करता येते. त्यासाठी वर्तुळाची रांग करण्याची गरज नाही. शिवाय सर्वांनी एकाच वेळी हसून कॅमेऱ्याकडे पाहण्याची ही शैली कोठून आली? सिनेमाचे गाणे दारातून घालविले आणि सिनेमाची कवायत खिडकीतून आत घेतली, असा हा प्रकार आहे.

दुसरा युक्तिवाद न्यायाचा: एकच माप असल्याशिवाय तुलना कशी करावी? वरकरणी तो बिनतोड वाटतो. परंतु लेंगीला आणि भारुडाला एकच माप लावणे हा न्याय नव्हे. परीक्षकाने त्या नाचाविषयी काही जाणून बसावे, हा न्याय. ज्याने आयुष्यात होळीचा तांडा पाहिला नाही त्याच्या हाती लेंगीचे गुण देणे आणि मग सर्वांना सारखेच अज्ञान वाट्याला आले म्हणून समाधान मानणे, याला समानता म्हणत नाहीत.

तिसरा युक्तिवाद शुद्धतेचा. त्यांना आम्ही गोव्याच्या मांडोची आठवण देऊ. युरोपीय दिवाणखान्यातील समोरासमोरच्या रांगांचा नाच, कोंकणी शब्द, व्हायोलिन आणि घुमट यांच्या मिलाफातून एकोणिसाव्या शतकात तो घडला. त्या काळी कोणी शुद्धतेची समिती नेमली असती तर मांडो जन्मालाच आला नसता. घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याचे कातडे आले. घुमट बंद पडले नाही. जिवंत परंपरा बदल पचविते. बॉलरूमच्या पोथ्याही अखेर बदलल्याच: 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नृत्य परिषदेने ‘जोडी’ची व्याख्या पुरुष आणि स्त्री अशी न ठेवता नेतृत्व करणारा आणि साथ देणारा अशी केली. कालपर्यंत अटळ म्हटलेला नियम एका बैठकीत बदलतो, तर तो अटळ कधीच नव्हता.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून आमच्या मागण्या मांडतो. लोकनृत्याच्या परीक्षकांत निदान एक व्यक्ती तो नाच नाचणाऱ्या समाजातील असावी. तिच्याजवळ पदवी नसली तरी चालेल. नाच कोणाकडून शिकला याला गुण असावेत, आणि शिकविणाऱ्या आजीला किंवा गोंधळ्याला चमूबरोबर मानाने बोलवावे. वेशभूषेच्या एकसारखेपणाला गुण नसावेत. मंचाऐवजी मैदान मागणाऱ्या चमूला मैदान द्यावे. गुण कापले तर कारण लेखी द्यावे. यांतील एकाही मागणीला मोठा खर्च येत नाही. लागते ती आयोजकांची इच्छा.

तोवर मुलांनी काय करावे? आमचे उत्तर सरळ आहे. वेळ पाळावी, संख्या पाळावी आणि नाच मात्र आपला नाचावा. बक्षीस गेले तर जाऊ द्यावे. दावीद राजा कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला तेव्हा मीखलने खिडकीतून पाहून त्याला तुच्छ लेखले. राजाला न शोभणारे ते नृत्य होते. शास्त्राने तो नाच लक्षात ठेवला आहे, मीखलचा शिष्टाचार नव्हे.

आणि प्रेक्षकांचे काय? उपरोक्त चित्रपटात अखेरच्या स्पर्धेत स्कॉट आणि फ्रॅन यांचे संगीतच बंद पाडले जाते. तेव्हा स्कॉटचे मुखदुर्बळ वडील उठून टाळ्यांनी ठेका धरतात. हळूहळू सभागृह त्यांना साथ देते आणि त्या ठेक्यावर नाच पूर्ण होतो. बंड एकट्या नर्तकाच्या बळावर तडीस जात नाही. परभणीच्या सभागृहात पुढच्या वेळी तांड्यावरची मुले प्रेक्षकांकडे पाठ करून फेर धरतील, तेव्हा परीक्षकांच्या कागदाकडे न पाहता ठेका धरणारे हात किती निघतात, यावरच लेंगी कोणाची राहील ते ठरणार आहे.