चायोटी : आहारद्रव्य की औषध?

गेल्या पावसाळ्यात एका विक्री प्रतिनिधीने चिकित्सालयात चायोटीच्या कच्च्या रसाची बाटली आणून ठेवली. वेष्टनावर या फळास एक भारदस्त संस्कृत नाव दिले होते आणि त्याखाली रस, वीर्य, विपाक तसेच 'प्रमेहघ्न' असे कर्म छापले होते. हे नाव कोणत्या निघंटूतील, असे विचारता 'कंपनीने दिले आहे' असे उत्तर त्यांनी प्रांजळपणे दिले.

चायोटी ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वेल. आपल्या संहितांत किंवा निघंटूंत तिचा उल्लेख नाही. म्हणून ती त्याज्य ठरत नाही. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात चोपचिनी ही परदेशी वेलच 'द्वीपान्तरवचा' या नावाने स्वीकारली. मात्र त्या नावातच तिचे परकेपण त्यांनी उघड ठेवले, हे वेष्टनकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

अनुक्त द्रव्यांचा विचार चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 27 व्या अध्यायात केलेला आहे. सर्व द्रव्ये नामनिर्देशाने सांगणे अशक्य. जे अनुक्त, त्याविषयी त्या त्या देशातील लोक सांगतात तसे बोलावे, असा त्याचा आशय. मग देशज काय सांगतात? दार्जिलिंग-सिक्कीमकडे 'इस्कुस'चे फळ, कोवळे शेंडे आणि कंदही भाजी म्हणून खातात. कर्नाटकात ती 'सीमेबदनेकाई', म्हणजे विलायती वांगे; तमिळनाडूत 'चौचौ'चे कूटू होते. सर्वत्र फळ शिजवूनच, आणि अन्न म्हणून. मेक्सिकोत मूत्रल म्हणून काढा घेतात तो पानांचा. कच्च्या फळरसास यांपैकी कोणाचाही आधार मिळत नाही.

दुधी-पडवळाच्या कुळातील म्हणून गुण तेच, हा युक्तिवादही टिकणारा नाही. तीव्र विरेचक इंद्रवारुणी त्याच कुळातील आहे. शिवाय 2010 साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला व त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस पिऊ नये असे बजावले. या कुळातील कच्चे रस बाटलीत भरताना इतके तरी स्मरावे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी एक व्यावहारिक बाब. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधात प्रथम अनुसूचीतील ग्रंथोक्त योगांतील घटकद्रव्येच चालतात. चायोटी त्यात बसत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे, ती गोष्ट वेगळीच.

पथ्य म्हणून मात्र माझे मत अनुकूल आहे. फळात सुमारे 94 टक्के जलांश, 100 ग्रॅममागे अवघे 19 किलोकॅलरी. चव सौम्य मधुर. दुधीला कंटाळलेल्या रुग्णांस मी ती मुगाच्या डाळीबरोबर शिजवून घेण्यास सांगतो. परसात लावायची तर पूर्ण पक्व फळच लावावे. बी एकच असते आणि ते वेगळे काढून वाळविल्यास रुजत नाही. टोपलीत राहिलेल्या फळालाच आपोआप कोंब फुटतो. कोंबाची बाजू खाली करून ते तिरपे, अर्धवट मातीत ठेवावे आणि मांडव भक्कम घालावा. फळ सोलताना हातास तेल लावण्याची सूचना रुग्णास अवश्य द्यावी, चिकाने बोटे बधिर होतात.