वर्गात दिवा हवा, पहारा नको!

माध्यमिक शाळेतील वर्गाचे दार एकदा लागले की आत काय घडते, हे बाहेरच्या कोणालाही कळत नाही. पालकांना ते गुणपत्रिकेवरून समजते, मुख्याध्यापकांना टाचणवहीवरून आणि शिक्षण खात्याला तक्त्यांवरून. शेजारच्या तुकडीला तोच विषय शिकविणाऱ्या शिक्षकालाही ते ठाऊक नसते, ही या व्यवस्थेतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट होय. वकिलाचा युक्तिवाद भर न्यायालयात चालतो, शल्यविशारदाच्या हातांकडे त्याचे सहकारी पाहत असतात आणि गवयाची कसोटी मैफलीतच लागते. शिक्षक मात्र पंचवीस-तीस वर्षे बंद दाराआड एकटा शिकवितो आणि एकटाच निवृत्त होतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम या अभ्यासकांनी 1998 साली वर्गाला काळ्या पेटीची उपमा दिली होती. आमच्या शाळांनाही ती तंतोतंत लागू पडते.

ही पेटी बंद राहिल्याची किंमत लहान नाही. 2025 साली महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेचा निकाल 94.10 टक्के लागला. दुसरीकडे, देशातील 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयोगटाची पाहणी करणाऱ्या 2023च्या ‘असर’ अहवालाने सांगितले की, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना सोडविता आले नाही. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे न्याय्य होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु उत्तीर्ण होणे आणि समजणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढे त्यावरून निश्चित दिसते. मुलाचे पाऊल नेमके कोणत्या पायरीवर घसरले, हे निकालाच्या दिवशी कळून उपयोग काय?

याच पाहणीत असेही आढळले की, सुमारे 90 टक्के तरुणांच्या घरी स्मार्टफोन आहे व तो त्यांना वापरता येतो. 2017 साली ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले. म्हणजे साधनांचा दुष्काळ पूर्वीइतका उरलेला नाही. प्रश्न आहे तो ही साधने कोणाला काय दाखविण्यासाठी वापरली जातात हा! आज शिक्षकाच्या हातातील मोबाइल मुख्यत्वे वरिष्ठांकडे माहिती धाडण्याच्या कामी जुंपला गेला आहे. हजेरी भरा, आहाराचा आकडा कळवा, कार्यक्रमाचे छायाचित्र चढवा! यातून शाळा कचेरीला दिसते. परंतु विद्यार्थ्याचे शिकणे शिक्षकाला दिसत नाही.

मग पाहण्याचे रूपांतर पाळतीत होते. दिल्ली सरकारने 2019 साली वर्गांत कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण पालकांना मोबाइलवर पाहता येईल, अशी योजना सुरू केली. उत्तर प्रदेशात जुलै 2024 मध्ये शिक्षकांवर डिजिटल हजेरीची सक्ती झाली आणि शिक्षकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच ती स्थगित करावी लागली. आमच्या वाचकांपैकीही अनेकांना वाटत असेल की, मुलाच्या वर्गात कॅमेरा असावा आणि तो आपल्याला घरबसल्या पाहता यावा. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो की, त्या पडद्यावर आपणांस काय दिसेल? शांत बसलेली मुले आणि फळ्याशी उभा असलेला शिक्षक. त्या शांत चेहऱ्यांमागे गणित समजले की नाही, हे कोणताही पहारेकरी कॅमेरा सांगू शकणार नाही.

खरे दर्शन निराळे असते. नववीच्या वर्गात दोन पदांच्या बेरजेचा वर्ग काढावयास सांगितला की, दोन्ही पदांचे वर्ग काढून त्यांची बेरीज करणारी मुले हमखास निघतात. शिक्षक लाल फुली मारतो, मूल बरोबर उत्तर उतरवून घेते आणि गैरसमज जागच्या जागी राहतो. त्याऐवजी शिक्षकाने अशा चार-पाच वह्यांच्या पानांची छायाचित्रे, नावे झाकून, पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि विचारले की, तीन अधिक चार म्हणजे सात व साताचा वर्ग 49. पण 9 आणि 16 यांची बेरीज 25च होते, तर उरलेले 24 गेले कोठे? येथे चूक ही लाजेची बाब न राहता सर्वांच्या विचाराचा विषय होते. शिकणे दृश्य होते ते असे.

शिकविणेही असेच दृश्य करता येते. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 नंतरच्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासून दाखविले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक विस्तृत व विचारपूर्ण येतात. शिकविण्याच्या ओघात ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. ध्वनिफितीने ती ऐकविली. आज तेच काम बाकावर ठेवलेला मोबाइल करू शकतो. जपानमध्ये तर शिक्षकांनी मिळून पाठ आखावा, एकाने तो घ्यावा, इतरांनी वर्गात बसून मुलांकडे लक्ष द्यावे आणि नंतर सर्वांनी चर्चा करावी, ही परंपरा शतकाहून जुनी आहे. तेथे चिकित्सा होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे! सारे मर्म या भेदात आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग कामचुकारांना मोकळे रान मिळेल. आम्हांस तसे वाटत नाही. हजेरीची व कर्तव्याची तपासणी स्वतंत्रपणे खुशाल व्हावी. परंतु ज्या चित्रणावरून वेतनवाढ रोखली जाण्याची भीती आहे, त्या चित्रणात शिक्षक आपली अडचण कधीही दाखविणार नाही. पढविलेल्या मुलांकडून बसविलेला आदर्श पाठ तेवढा दाखवील. म्हणून पाठाचे चित्रण त्या शिक्षकाच्या ताब्यात राहावे, ते गोपनीय अहवालात जाऊ नये व त्याच्या संमतीवाचून शाळेबाहेर पडू नये, असा लेखी नियम शासनाने केला पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. 2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सामान्यतः मनाई केली असली, तरी 2025च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना त्यातून काही सवलत दिली आहे. सवलत मिळाली म्हणजे विवेकाचीही सुट्टी झाली, असे मात्र नव्हे.

दुसरी गरज वेळेची. कोठारी आयोगाने 1966 साली शाळासंकुलाची कल्पना मांडली आणि 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिचाच पुनरुच्चार केला. एकाच विषयाच्या चार शाळांतील शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसून एक पाठ व दहा वह्या पाहाव्यात, यासाठी याहून योग्य चौकट कोणती? तो तास वेळापत्रकात हवा, घरच्या वेळातून उकळलेला नको. त्यासाठी शिक्षकावर लादलेला माहिती भरण्याचा एखादा हुकूम रद्द करावा लागला, तर शिक्षण खात्याने तो आनंदाने रद्द करावा.

वर्गाचे दार उघडलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ते दटावून ठोठावणाऱ्यासाठी नव्हे, तर मदतीस येणाऱ्या सहकाऱ्यासाठी प्रथम उघडावे. महाराष्ट्राचे शिक्षण खाते शिक्षकाच्या हातात दिवा देणार की त्याच्या डोक्यावर पहारेकरी बसविणार, याचा निर्णय त्याने आता केला पाहिजे.