एका दिवसाचे बंदर

‘आयएनएस सुदर्शिनी’ हे गोवा शिपयार्डने बांधलेले भारतीय नौदलाचे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण-जहाज. सप्टेंबर २०१२ मध्ये कोचीहून निघून ते सहा महिने आग्नेय आशियातील नऊ देशांच्या बंदरांना भेट देत फिरले. त्यावर शिडे हाताळण्याचे धडे घेणारे तरुण प्रशिक्षणार्थी होते. अशा सफरीत एखादे शहर पाहावयास जेमतेम एक मोकळा दिवस मिळतो. तो बाजारहाटात घालवावा की शहर समजून घेण्यात?

व्हिएतनाममधील दा नांग हे या सफरीतील एक बंदर. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर होई आन हे जुने व्यापारी नगर आहे. जपानी व्यापाऱ्यांचा छपराचा पूल, चिनी व्यापाऱ्यांची सभागृहे व लाकडी घरे तेथे आजही उभी आहेत. नदीत गाळ साचला, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार दा नांगकडे वळला. वास्तू मात्र राहिल्या. १९९९ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानले.

व्यापारी घरांतील मुलांनी हा ताळेबंद अवश्य अभ्यासावा. त्यासाठी समुद्र ओलांडावयास नको. आपल्या पातूरजवळच बाळापूर आहे. तेथे १७५७ मध्ये पूर्ण झालेला किल्ला व मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. सुट्टीतील एक दिवस मुलांना तेथे न्यावे आणि सायंकाळी विचारावे, हे गाव कशाने वाढले, कशाने मागे पडले? ज्याच्या हाती उद्या पेढी सोपवावयाची, त्याला या प्रश्नाची सवय आजच लागलेली बरी.