कमरेचे पिस्तूल कोणावर चालणार?

आमच्या समुद्रपुराकडे चार पैसे गाठीस आले की कमरेला रोज रिव्हॉल्व्हर लावावे की पिस्तूल, याचा खल चालतो. आम्ही विचारतो, शत्रू कोण? रात्री हरभरा उकरणारे रानडुक्कर, की धुऱ्याला धुरा लागलेला भाऊ? १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. तरी डुक्कर मारण्यास वनखात्याची परवानगी निराळीच लागते. कमरेचे पिस्तूल पिकाच्या कामाचे नाही. ते धुऱ्याच्या भांडणात भावावरच सुटते. १८७८ च्या कायद्याने परक्या सरकारने रयतेस निःशस्त्र केले, हे खरे. पण दलाल व सावकार कागदावर लुटतात. तेथे गोळी नव्हे, अक्षर चालते. पिस्तुलाचा पैसा लेकीच्या शाळेत घाला!