रक्त देणाऱ्यांचे चरित्र

शास्त्रज्ञांची मराठी चरित्रे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आणि शिकवीत आलो आहोत. त्यांतला नायक रात्र रात्र प्रयोगशाळेत जागतो, उपेक्षा सोसतो आणि अखेरीस त्याला पारितोषिक मिळते. संशोधन एखाद्या रोगावर असेल तर रोगी मागच्या पानांत कुठेतरी असतात, तेही आकड्याच्या रूपाने. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांचे आयुष्य या साच्यात बसत नाही. ते का बसत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे असे आमचे मत आहे.

१९६८ साली त्यांच्या आईला हंटिंग्टन या रोगाचे निदान झाले. त्यात मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात, हातपाय आपोआप हलू लागतात, पुढे बुद्धी आणि स्वभावही ढासळतो. आईवडिलांपैकी एकाला तो असला की प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी. नॅन्सी तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. पुढे त्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेट झाल्या आणि आयुष्यभर याच रोगाच्या मागे लागल्या. आई १९७८ साली गेली.

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी या रोगाने ग्रासलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, हे तेथील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकातच नोंदवून ठेवले होते. (वेक्सलर यांच्या कीर्तीपुढे हे नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतो.) वेक्सलर यांचे पथक १९७९ पासून तेथे जाऊ लागले. गरीब कोळ्यांची वस्ती. परक्या बाईला रक्त आणि कातडीचा तुकडा का द्यावा? तेव्हा पथकातील एका परिचारिकेने नॅन्सींचा हात धरून सर्वांना दाखवला. तशाच चाचणीसाठी कातडी काढल्याचा व्रण त्यावर होता. हिच्याही घरात हाच रोग आहे, हे लोकांना त्या व्रणावरून पटले. विश्वासाचे असे दस्तऐवज चरित्रकारांना क्वचितच सापडतात.

त्या रक्ताच्या आधारे १९८३ साली रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे जेम्स गुसेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दहा वर्षांनी, १९९३ साली, ते जनुकच हाती आले. त्यातील सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक वेळा झाली, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग गाठतोच. आता साध्या रक्तचाचणीने भविष्य कळू शकत होते. नॅन्सी यांनी ती चाचणी करून घेण्याचे टाळले.

यात काही टीकाकारांना विसंगती दिसते. आम्हांला दिसत नाही. ज्या ज्ञानावर उपाय नाही ते दुसऱ्याला सांगताना किती जपावे, हे ज्यांनी या चाचण्यांसाठी रुग्णांच्या समुपदेशनाचा आग्रह धरला त्यांना स्वतःपुरते थांबण्याचा हक्क नसावा काय? जाणणे म्हणजे धैर्य आणि न जाणणे म्हणजे पलायन, ही विभागणी आमच्या समीक्षेतही फार सोपी झाली आहे. २०२० साली त्यांनी आपल्याला हा रोग असल्याचे जाहीरपणे सांगितले.

आमची खरी अडचण वेगळी आहे. नॅन्सींची बहीण ॲलिस वेक्सलर यांनी या कुटुंबाची कथा १९९५ साली ‘मॅपिंग फेट’ या पुस्तकात लिहिली. ॲलिस इतिहासकार, त्यामुळे पुस्तक नेटके आहे. पण ज्यांच्या रक्तावाचून हा शोध लागलाच नसता, त्यांनी लिहिलेले पुस्तक आमच्या वाचनात नाही. रोग थांबवणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप कोणाच्याच हाती नाही. त्यांच्या हाती तर पुष्कळदा पोटभर अन्नही नसते. दोष एका बाईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, परंतु हिशेब मिटला असेही म्हणवत नाही.

पथकाने तयार केलेल्या वंशवृक्षात १८,००० हून अधिक माणसे आहेत. अशा वंशवृक्षात पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी असल्यास ते काळे भरायचे, मेल्यास त्यावर तिरपी रेघ. वेक्सलर कुटुंबाचा वंशवृक्ष वेगळा, कागद वेगळा. पण त्यावरही नॅन्सींचे वर्तुळ आता काळेच भरावे लागते.